पोटातला प्रेक्षक

ऐका हो ऐका! समस्त होऊ घातलेल्या बापांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, पोटातल्या बाळाला बाप नावाचाही कोणी प्राणी असतो, याची या पृथ्वीतलावर कुणालाच फिकीर नसते. ही वार्ता मला कुडाळच्या एका दवाखान्यात कळली. शहाऐंशी साल होतं, बायकोला सातवा महिना होता.

डॉक्टर फक्त तिच्याशी बोलत होते. "प्रीएक्लॅम्पसिया आहे." म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, लघवीतून प्रथिनं जातात. धोका आईलाही आणि बाळालाही. "विश्रांती घ्या. बाळाच्या हालचालीकडे लक्ष ठेवा. मंदावली तर थांबू नका, तडक या."

"आणि मी काय करू?" मी विचारलं.

"तुम्ही रिक्षा आणा."

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून ती वालावलला आईकडे राहिली. मी मालवणात शाळामास्तर. शनिवारी शाळा सुटली की एसटी धरायचो.

जत्रेतल्या दशावतारात मी हौसेने राक्षस करायचो. एका शनिवारी पोटासमोर मांडी ठोकली आणि राक्षसाच्या प्रवेशाची आरोळी दिली. पोट एका बाजूने टरारून वर आलं.

"लाथ मारल्यान!" बायको हसत सुटली. "अवो, परत वरडा!"

मला प्रेक्षक मिळाला होता. फुकट्या, पण दाद देणारा. मग दर शनिवारी खेळ.

सासूबाई पळी घेऊन धावत आल्या. "मास्तरांनू, पोटुशी बायलेसमोर राक्षस नाचवतास? पोर भियात मां!"

"भियात खंयचो? लाथ मारता तो माका!" मी म्हणालो.

एका शनिवारी आरोळी दिली आणि पोट हललं नाही. पुन्हा दिली. बायको भिंतीकडे बघत म्हणाली, "परवापासून हलणा नाय."

"मग निरोप का नाही धाडलात?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "तुमच्या वरडण्यान भियालो तो. दृष्ट काढलंय, देवाक गाऱ्हाणा घातलंय. तुम्ही गप रवा, तो आपसूक हलतलो."

मी रिक्षा आणली.

डॉक्टरांनी पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. जागा बदलली, पुन्हा लावला. "इंट्रायूटेराइन डेथ," ते म्हणाले. म्हणजे बाळ पोटातच गेलं.

तर मंडळी, बाळ पोटात गप झालं आणि ते भ्यालंय, झोपलंय, रुसलंय असं कुणी सांगू लागलं, तर त्यांना नमस्कार करा आणि रिक्षा आणा. माझी बायको वाचली, हे त्या डॉक्टरांचे उपकार. राक्षस मात्र मी परत केला नाही. मंडळवाले आता राजा देतात. राजाला ओरडावं लागत नाही.

त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कळा आणून बाळंतपण केलं. मुलगा होता. सिस्टरने पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरायला न्यायला माझ्या हातात दिला. आईच्या पोटातल्या उबेने अंग अजून ऊन होतं. इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सासूबाई पुढे आल्या. तोंडावरचं कापड त्यांनी बाजूला केलं आणि भरल्या वॉर्डात मोठ्याने म्हणाल्या,

"मास्तरांनू, एकदा वरडा हो! तुमचो आवाज ओळखता तो."