उदबत्तीचा धूर

मावशी हल्ली भेटायला गेलं की जरा लांबच बसते. तिच्या वृद्धाश्रमात बाथरूमच्या वासावर उपाय म्हणून रोज उदबत्ती लावतात. काल मी तीच उदबत्ती तिथल्या एक्झॉस्ट फॅनपाशी धरली. फॅन घरघरत होता, पण धूर माझ्याच तोंडावर आला. बाहेर जाऊन पाहिलं, तर कबुतरं येऊ नयेत म्हणून झरोक्यावर पुठ्ठा ठोकलेला.

"या वयात वास यायचाच," मॅनेजर म्हणाले.

"मी रोज आंघोळ करते हो," मावशी हळूच म्हणाली.

कोंडलेल्या हवेला म्हातारपण म्हणून आपण किती सहज मोकळे होतो. पुठ्ठा निघून तिथे जाळी बसेपर्यंत मी हलले नाही. दर रविवारी येऊन उदबत्ती धरून बघणार, असंही सांगितलं.

संध्याकाळी धूर सरळ बाहेर गेला. मावशी खुर्ची ओढत माझ्या शेजारी आली.