मामानं पानं टाकली ती दुपार

शहागंजाच्या बाजारात नवी चिंच आली की त्या आंबूस वासासरशी मला गंगापूरचा मामा आठवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्याच्याकडं चिंचोके लावून तीन पत्ती खेळायचो. त्याच्यापुढं थाप मारून उपयोग नसायचा, कारण हातात काही नसलं तरी तो चाल देत राहायचा आणि शेवटी म्हणायचा, "दाखव, बघू." म्हणून चांगली पानं येईपर्यंत गप बसायचं, एवढाच त्याला हरवायचा मार्ग होता. त्या दुपारी मला तीन एक्के आले. मामा सकाळीच शहरातल्या दवाखान्यातून परतला होता आणि डॉक्टरनं सांगितलेलं त्याला काही कळू द्यायचं नाही, असं आईनं मला आत बोलावून बजावलं होतं. वर पत्रे उन्हानं कडकडत होते. मी चेहरा जमेल तितका कोरा ठेवून मूठभर चिंचोके पुढं सरकवले. मामानं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि पहिल्यांदाच पानं खाली टाकली. "लई भारी पानं आलीत तुला." मी चकित झालो, "तुला कसं कळलं?" "तोंडं मला कायमच कळतात रे. तुम्हाला जिंकायची हौस, म्हणून मुद्दाम चाल देत बसतो." सगळे चिंचोके माझ्याकडं लोटत तो हळू म्हणाला, "आता डॉक्टर काय म्हणला, ते सांग." मी एक्क्यांवरची नजर वर उचललीच नाही. आजही मित्रांकडं कुणी पत्ते पिसायला घेतले की मी उठून गॅलरीत जातो. माझं तोंड अजून तेच सांगत असेल, अशी भीती वाटते.