एक हॉल, दोन कार्यक्रम

भिवंडीच्या ज्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो, तिथे हॉल एकच होता. खाली ऑफिस, वर हॉल आणि हॉलबाहेर लांबच लांब पॅसेज. रक्तदान असो, व्याख्यान असो, की बाहेरच्या कुणाचा सत्कार, सगळं तिथेच. कोणत्या दिवशी हॉल कुणाचा, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसायचं. ज्याला कार्यक्रम घ्यायचा असेल तो प्राचार्यांच्या कानावर घालायचा, ते मान हलवायचे, की झालं. मग कधी दोन कार्यक्रम एकाच दिवशी यायचे आणि ज्याचा पाहुणा मोठा त्याला हॉल मिळायचा. दुसरा मुकाट्याने एखाद्या वर्गात सरकायचा. स्टाफरूममध्ये आम्ही त्यावर हसायचो. मीही हसायचो.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. एस.वाय.च्या वर्गात एक मुलगी होती, खारबावच्या पलीकडल्या आदिवासी पाड्यावरची. तिच्या घरातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. मागच्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. एकदा मी लोकगीतांवर लिहून आणायला सांगितलं. बाकीच्यांनी पुस्तकातून उतरवून आणलं, हिने आईची गाणी लिहून आणली. तिची आई एरवी दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायची आणि पाड्यावरच्या लग्नांत गायची. हळदीपासून नवरी निघेपर्यंत, ज्या त्या वेळेचं गाणं तिला पाठ होतं. नवरीला सोडायला नदीसुद्धा चार पावलं पुढे येते, असं त्यातल्या एका गाण्यात होतं. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं.

आई कॉलेजात येऊन गाईल का, असं मी तिला विचारलं. तिने दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि आई येते म्हणाली, सोबत पाड्यावरच्या चार बायकाही येतील. मी तिला इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं. कार्यक्रम गावासाठी खुला ठेवायचा असं ठरवून आम्ही हाताने पोस्टर लिहिली आणि रिक्षास्टँडपासून नाक्यापर्यंत लावली. शनिवार, सकाळी अकरा. प्राचार्यांना मी जिन्यात गाठून सांगितलं. ते उतरत होते, मी चढत होतो. ‘‘करा, करा,’’ म्हणाले. त्यापलीकडे मी काहीही केलं नाही. अर्ज दिला नाही, ऑफिसात कळवलं नाही.

त्या शनिवारी दहाला पोचलो तर हॉलच्या दाराला फुलांची कमान बांधत होते. गावातल्या एका पुढाऱ्याला कसलंसं पद मिळालं होतं, त्याचा सत्कार. दोन दिवसांपूर्वी ठरलेला. मी ऑफिसात धावलो. आमचे हेडक्लार्क निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढून एवढंच विचारलं, की तुमचं कुठे लिहिलेलं होतं का.

प्राचार्य रागावले नाहीत. बारापर्यंत सत्कार आटपेल, मग हॉल तुमचाच, असं त्यांनी समजावलं. आणि जाताजाता म्हणाले, सूत्रसंचालन तुम्हीच करा, तुमच्यासारखा आवाज कुणाचा आहे इथे.

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. पण माझी नेमणूक तेव्हा तात्पुरती होती, दरवर्षीची ऑर्डर त्यांच्या सहीने निघायची. हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो आहे.

बायका साडेदहालाच आल्या. खारबावहून येणारी सकाळची गाडी चुकली तर पुढे बराच वेळ गाडी नसे, म्हणून पहाटे उठून निघाल्या होत्या. धुतलेली लुगडी, केसांत फुलं. गवतकापणीचे दिवस होते, मजुरी सोडून आल्या होत्या. मुलीने मला आईकडे नेलं. हडकुळी, काळीसावळी बाई, नजर थेट. मी म्हणालो, ‘‘मावशी, बारापर्यंत थांबावं लागेल.’’ ती म्हणाली, थांबू की. त्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसल्या आणि मी आत जाऊन माइक हातात घेतला.

पाहुणेच बाराला आले. मग हार, मग शाली, मग ज्यांची नावं राहिली त्यांचे पुन्हा हार. एकेकाची भाषणं. मधल्या जागा मी भरत होतो, पुढाऱ्याच्या कर्तृत्वाला विशेषणं शोधत होतो आणि ती मला सापडतही होती. लोक टाळ्या वाजवत होते. दारातून मला पॅसेजचा एक तुकडा दिसायचा. एकदा दिसलं, की शिपाई त्या बायकांना उठवून जिन्यापलीकडच्या कोपऱ्यात सरकवतोय, पाहुण्यांची वाट मोकळी हवी म्हणून. एकदा नाश्त्याची पाकिटं त्यांच्या समोरून आत आली. मुलगी ग्लासातून एकेकीला पाणी नेऊन देत होती. तिने आत पाहिलं, आमची नजरानजर झाली आणि मी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

संपायला साडेतीन वाजले. लाऊडस्पीकरवाला वायरी गुंडाळायला लागला, त्याला दुसरीकडे जायचं होतं. पोस्टर वाचून आलेले पंचवीस-तीस लोक केव्हाच परतले होते. मी बाहेर आलो तेव्हा बायका पिशव्या उचलत होत्या, आता निघालं नाही तर गाडी जाणार होती. मी माफी मागितली, पुढच्या महिन्यात नक्की ठेवू म्हणालो. आई पिशवी घेऊन जिन्याकडे वळली. मुलगी माझ्याकडे न बघता तिच्यामागून जिना उतरली.

सोमवारी ती आली नाही. त्यानंतरही नाही. दोन आठवड्यांनी मी पाड्यावर गेलो. आईने मला खाट टाकून दिली, कोरा चहा केला. मुलगी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली होती. मी पुन्हा पुन्हा माफी मागत राहिलो, तशी ती बाई म्हणाली, ‘‘तुमचा आवाज चांगला हाय, मास्तर. आमी भाइर बसून सगला आयकला.’’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच मला वर बघवेना. पुन्हा याल का, असं मी विचारलं. ‘‘आता न्हाय,’’ म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

त्यानंतर मी हेडक्लार्कांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून एक कोरं रजिस्टर काढलं आणि आम्ही दोघांनी त्यात रकाने आखले. तारीख, वेळ, कार्यक्रम कुणाचा, माइक कुणाकडून, आणि शेवटी, पाहुण्यांना गेटवर घ्यायला कोण, त्यांच्या पाण्याचं, बसण्याचं, परतीच्या गाडीचं कोण बघणार. हा शेवटचा रकाना मी हट्टाने घातला. एकदा शाईने लिहिलेली तारीख मूळ माणसाला विचारल्याशिवाय कुणी बदलायची नाही, प्राचार्यांनीही नाही. स्टाफरूममध्ये टिंगल झाली. प्राचार्य आधी टाळत राहिले. हेडक्लार्कांनी महिनाभर रोज ते रजिस्टर सहीच्या कागदांबरोबर त्यांच्यापुढे ठेवलं, तेव्हा त्यांनी सही केली. दर सोमवारी सगळ्यांनी तारखा जुळवायला दहा मिनिटं बसायचं ठरलं. गेटपाशी महिन्याचा तक्ता लागला. हळूहळू सगळ्यांना सवय झाली. पुढे एका आमदाराचा कार्यक्रम वक्तृत्व स्पर्धेसाठी दुसऱ्या दिवसावर ढकलला गेला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

ते पाहिल्यावर मला धीर आला. त्या बाईसाठी तारीख लिहून घेतली, निमंत्रणाचं पत्र केलं आणि आधी मुलीला भेटावं म्हणून दुपारच्या शिफ्टआधी दापोड्याला गोडाऊनच्या गेटवर जाऊन उभा राहिलो. दीड वर्ष उलटलं होतं. ती मैत्रिणींबरोबर रिक्षातून उतरली आणि मला पाहून थांबली.

आई उन्हाळ्यात गेली, म्हणाली. ताप आला, चार दिवस अंगावर काढला.

पत्र माझ्या हातातच राहिलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी रजिस्टरचं सांगितलं. आता असं होत नाही, म्हणालो. तिने नीट ऐकून घेतलं. ‘‘बरं झालं, सर,’’ ती म्हणाली. ‘‘दुसऱ्या कुणाला बसावं न्हाय लागणार.’’

मग मी विचारलं, तुला किती गाणी येतात?

‘‘मी तिच्यामागून म्हणायची. पुढची ओळ तीच धरायची. ती मला न्हाय येत.’’

तेव्हा माझ्या तासासाठी वहीत लिहिलेली तीन गाणी होती, ती वही कुठे गेली तेही तिला सांगता येईना. आत भोंगा झाला. ‘‘ड्युटी हाय,’’ म्हणून तिने ओढणी कमरेला खोचली आणि गेटवर आपलं नाव सांगून आत गेली. कॉलेजात परत ये, असं मी तिला त्या दिवशी म्हणालो होतो की नाही, ते मला कितीही आठवून पाहिलं तरी आठवत नाही.