पाण्याची चौकट

मी वेबसाइट बनवते असं सांगितलं की आमच्याकडचे लोक घरातला बिघडलेला प्रिंटर काढून दाखवतात. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे कामं बरी होती. गुलमंडीवरच्या एका कापड दुकानदाराला अख्खं दुकान पहिल्याच पानावर मावायला हवं होतं आणि वैजापूरच्या कांदा व्यापाऱ्याला स्वतःचा फोटो कांद्यांपेक्षा मोठा हवा होता. अशा गिऱ्हाइकांवर मी चिडते आणि त्यांच्यावरच जगते. पण घरभाडं निघत होतं ते एका बिल्डरच्या कामावर. पैठण रस्त्याच्या बाजूला, कालपरवापर्यंत कपाशी होती तिथं, त्याची मोठी स्कीम उभी राहत होती. पाडव्याच्या मुहूर्तावर बुकिंग सुरू करायचं होतं आणि त्याआधी साइट तयार हवी होती.

माझं स्वतःचं म्हणून एक फुकटचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात आवडीचं. धरण तळाला गेलेलं, नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. मी एक साधं पेज केलं होतं. ज्याच्या नळाला पाणी आलं त्याने बटण दाबायचं, म्हणजे गल्लीतल्या बाकीच्यांनी धावत घरी यायचं. आधी आमची गल्ली होती, मग शेजारच्या कॉलन्या आल्या. नातेवाइकांत तर माझी ख्यातीच झाली. शहरातल्या पाण्याचं काही विचारायचं असेल तर हिला विचारा.

माझा मोठा भाऊ कन्नडजवळच्या गावात शिक्षक आहे. त्याच्या घरचा बोअर आटला होता आणि वहिनी कमरेला पट्टा बांधून टँकरवरून हंडे आणत होती. दादाने कन्नडचा प्लॉट विकला आणि शहरात फ्लॅट घ्यायचं ठरवलं. स्कीम निवडली ती नेमकी माझ्या बिल्डरची. साइट मी करतेय हे कळल्यावर त्याने दुसरीकडे बघणंच सोडून दिलं. वहिनीची अट एकच होती, नळ फिरवला की पाणी आलं पाहिजे.

फोटो काढायला मी स्कीमवर गेले तेव्हा एक टँकर खालच्या टाकीत पाइप सोडून उभा होता. मागे दुसरा वाट बघत होता. मी बिल्डरला विचारलं, बोअरचं काय?

"बोअर आटलाय, मॅडम. सगळ्यांचेच आटलेत," तो म्हणाला. "पण पाइपलाइन येणारच आहे की."

त्याने दिलेल्या मजकुरात सोयींच्या सहा चौकटी होत्या. लिफ्ट, बाग, पार्किंग, वगैरे, आणि पहिल्या चौकटीत निळा थेंब काढून 'चोवीस तास पाणी'. मी सांगितलं, हे मी टाकणार नाही. काम गेलं असंच धरून चालले होते. तो मात्र शांतपणे म्हणाला, "नका टाकू. पण जागा मोकळी नका ठेवू, तिथं मंदिर टाका."

मी थेंब काढला आणि कळस बसवला. स्वतःवर इतकी खूष झाले की त्या संध्याकाळी भजी तळली. कोण म्हणतं बिल्डरपुढे बोलता येत नाही?

पाडव्याच्या दोन दिवस आधी साइट सुरू झाली आणि दादाचा फोन आला.

"तुझी साइट बघायलोय. लई भारी केलीस."

"पाण्याचं काय लिहिलंय बघितलंस का?"

"तेच तर सांगायलोय. पाण्याचं एक अक्षर नाय. बाकीच्या बिल्डरांचं बघ, ज्याच्याकडं थेंब नाय तोच चोवीस तास, चोवीस तास ओरडतो. ह्यानं लिहिलंच नाय, म्हंजे पाणी हाय. आन् नसतं तर तू सांगितलं नसतंस व्हय?"

एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर बिल्डरला कळलं असतं, त्याच्या पुढच्या दोन स्कीमचं काम मला मिळायचं होतं ते गेलं असतं. मी म्हणाले, "तिथं गेल्यावर नीट चौकशी कर." मागून वहिनी विचारत होती, नळाचं काय म्हणल्या? दादाने तिला सांगितलं, "हाय म्हणं."

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला तोंडात घातला आणि तो काही गिळवेना. स्कूटी काढली. रस्ताभर मनात तेच, की सही झालेली नसू दे. स्कीमवर मांडव होता, सनई लावलेली. ऑफिसात दादा नवा सदरा घालून बसला होता. वहिनीने पट्टा काढून ठेवला होता, जरीच्या साडीवर तो बरा दिसत नाही म्हणून, आणि खुर्चीच्या कडेला अवघडून टेकली होती. दादाच्या हातात पेन होतं.

"या मॅडम," बिल्डर म्हणाला, "तुमच्याच माणसांचं पहिलं बुकिंग."

"दादा, सही करू नको. इथं पाणी नाही. टँकरवर चाललंय सगळं."

बिल्डर नेहमीच्याच शांतपणे म्हणाला, "पाइपलाइन येतीय, मॅडमना माहितीय."

"कधी येतीय?" वहिनीने विचारलं.

"येईलच की, ताई."

सगळ्यात आधी वहिनी उठली. टेबलाचा आधार घेऊन उठली आणि सरळ बाहेर गेली. दादाने पेन ठेवलं. बिल्डरने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि पुढेही कधी फोन केला नाही.

बाहेर उन्हात दादा माझ्या स्कूटीपाशी उभा राहिला. तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"परवा फोनवर का नाय सांगितलंस?"

"मी ती चौकट काढली होती, दादा," मी म्हणाले. "त्याने दिली होती, मी साइटवर येऊ दिली नाही."

त्याने मोबाइल काढला, साइट उघडली, बोटाने वर-खाली करून नीट बघितली.

"कुठली चौकट?" त्याने विचारलं.