सूतगिरणीच्या गेटवरचं शूटिंग

आम्ही चार जुने गिरणीवाले जमलो की त्या पिक्चरचा विषय निघतोच. पिक्चर सांगलीत तीन दिवस चालला. आमचं सांगणं अजून चालू आहे.

नव्वद साल उलटून गेलं होतं. आमची सूतगिरणी बंद पडलेली. काम गेलं म्हणून गेटवर उपोषणाला बसलेल्या कामगाराचा पिक्चर काढायला पुण्याहून डायरेक्टर आला. पण गेटवर आमचा मारुती आधीच धरणं धरून बसलेला. कवठे महांकाळचा. काम परत द्या, एवढंच त्याचं म्हणणं. वर्षभर रोज पहिल्या पाळीच्या वेळेला येऊन बसायचा.

डायरेक्टर म्हणाला, "जरा बाजूला सरका, इथं आमचा हीरो बसणार."

मारुती म्हणाला, "बसू द्या की. जागा लय हाय."

दोघंही पिक्चरमध्ये आले.

*

हीरोला उपाशी माणसाचा मेकअप केला होता. दुपारी मारुतीची बायको सरूबाई डबा घेऊन आली. तिनं हीरोचं तोंड बघितलं आणि कॅमेरा चालू असतानाच त्याला भाकरी भरवली. डायरेक्टर चिडला, तर त्यालाच समजावू लागली, "आवं, उपाशी माणूस मालकासंगं भांडंल कसा?"

दुसऱ्या दिवसापासून हीरो डब्याची वाट बघायला लागला.

*

घोषणांच्या सीनला आम्ही झाडून सगळे कामगार होतो. "मालक मुर्दाबाद!" ऐन रंगात आमचे खरे मालकच शूटिंग बघायला आले. आम्ही गप्प. मी तर पुढं होऊन गाडीचं दार उघडलं.

डायरेक्टरनं विचारलं, का थांबलात?

मी म्हटलं, "मालक आले न्हवं."

एकटा मारुती ओरडत राहिला. मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, "छान करतोस रे काम."

*

शेवटच्या दिवशी डायरेक्टरला सूत कातायचा एक साचा चालू हवा होता. त्यांच्याकडं जनरेटर होता. मारुतीनं सकाळभर तेलपाणी केलं. गिरणी बंद झाली त्या दिवशीच्या अर्ध्या भरलेल्या बॉबिनी साच्यावर तशाच होत्या. बटण दाबलं, साचा फिरला. कुणी न सांगता आम्ही आपापल्या जागी जाऊन उभे राहिलो.

दोन मिनिटांत डायरेक्टर "कट" म्हणाला. मग, बंद करा म्हणाला.

मारुती तुटलेला धागा जोडत होता. मान वर न करता म्हणाला, "बॉबिनी भरू द्या."

डायरेक्टर खोक्यावर बसून राहिला. बॉबिनी भरल्या. मारुतीनं त्या उतरवल्या, साचा पुसला, हात पुसले आणि डायरेक्टरसमोर जाऊन उभा राहिला.

"सायेब, उद्या पाळी किती वाजता?"