शेवटच्या कुंडीपर्यंत

रस्त्यातल्या वॉल्व्हच्या खड्ड्यात लोखंडी चावी उतरवायची, दोन फेरे द्यायचे आणि मग छातीइतक्या उंच त्या चावीच्या डोक्याला कान लावून डोळे मिटायचे. मागून मोटारसायकल हॉर्न वाजवो की कुत्रं पायाशी येऊन हुंगो, ते हलायचे नाहीत. थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणायचे, "यायलंय." मी घड्याळ लावून पाहिलं आहे. त्यांच्या 'यायलंय'पासून आमच्या नळाला पहिली उचकी लागेपर्यंत सात ते नऊ मिनिटं जात.

गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला कन्नडमध्ये नीरगंटी म्हणतात. आमच्या नीरगंटींना गल्लीत सगळे अप्पा म्हणायचे. मूळचे दुबलगुंडीचे, वडील मेंढरं राखायचे. घरी कन्नड, गल्लीत मराठी आणि फुटलेल्या पाइपाशी दखनी, अशा तीन भाषा ते बोलत. तिसरी भाषा बायका असताना बोलत नसत.

आमचं गाव हुमनाबाद तालुक्यातलं. गल्लीत एकोणीस घरं. रस्त्याला थोडा चढ आहे आणि चढाच्या टोकाला शेवटचं घर आमचं. तुमच्याही गावात पाणी सोडणारा माणूस असेल. त्याच्याकडं कधी नीट पाहिलं असेल, तर चावी फिरवली की तो चहाला जातो हे तुम्हाला माहीत असेल. त्यात वावगं काही नाही. अप्पा मात्र आधी चढ चढून आमच्या दारात येत.

"अण्णा, आलं का?"

"आलंय अप्पा, पण करंगळीएवढं."

"थांबा जरा." मग खाली जाऊन शेजारच्या गल्लीचा वॉल्व्ह अर्धा फेरा आवळायचे आणि पुन्हा वर. "आता?"

"आता अंगठ्याएवढं."

"बास. अंगठा पुरं हाय." मग चहा.

खालच्या एका घरानं नळालाच मोटार जोडली होती. आम्ही वरच्यांनी दोन वेळा भांडण काढलं, उपयोग झाला नाही. अप्पा एका सकाळी त्या घराच्या पायरीवर जाऊन बसले.

"मालक, पाव्हणे किती आलेत?"

"पाव्हणे? कुणी न्हाई की."

"मग एवढं पाणी कोण प्यायलंय? मोटारीला एकदा डाक्टरला दाखवा. शुगर झाली असंल."

समोरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मालकांना हसावं की रागवावं कळेना. पुढच्या पाळीला मोटार नव्हती.

मी डाळमिलमध्ये वजनाचं काम बघतो. पोतं तराजूवर चढलं की आकडा वहीत जातो. ही सवय घरीही आली आहे, आणि आता सांगणार आहे ती गोष्ट त्या सवयीतूनच घडली.

बायकोला झाडांची हौस. गच्चीवर त्रेचाळीस कुंड्या. कुंड्या म्हणायच्या, पण त्यात रंगाच्या बादल्या, तेलाचे डबे आणि एक फुटका माठही आला. मोगरा, कढीपत्ता, जास्वंद, लिंबू, चार तुळशी. रोज बादली घेऊन ती तीन-चार वेळा जिना चढायची. दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे सुजले आणि डॉक्टरांनी बादली घेऊन जिना चढायचा नाही म्हणून बजावलं. पाणी घालायचं काम माझ्याकडं आलं.

मी पहिल्याच दिवशी मोजलं. कुंडीला दीड लिटर, म्हणजे दिवसाला साडेचौसष्ट. उन्हाळ्यात आमच्याकडं पाण्याची पाळी आठ दिवसांवर जाते. आठ दिवसांचे पाचशे सोळा लिटर. घरातला सगळा साठा बाराशेचा, माणसं चार. झाडांना एकशेऐंशीपेक्षा जास्त देता येत नव्हतं. एकशेऐंशीत पंधरा कुंड्या बसतात. म्हणजे अठ्ठावीस जायला हव्यात.

बायकोला कागद दाखवला. तिनं आकडेमोड तपासली नाही. म्हणाली, "कुठल्या ठेवायच्या ते तुमीच ठरवा."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शेवटचा उपाय म्हणून ठिबक करून पाहिलं. माझ्या धाकट्या भावाचा ऊस ठिबकवर आहे, त्यामुळं हे आपल्याला येतं असं मला वाटत होतं. दोनशे लिटरचं पीप स्टुलावर ठेवलं, एक नळी काढली आणि उसाच्या सरीसारखी पहिल्या कुंडीपासून त्रेचाळिसाव्यापर्यंत नागमोडी फिरवली. कुंडीला एक ड्रिपर. मग प्रत्येक ड्रिपरखाली लिटरभर मावेल अशी प्लास्टिकची वाटी ठेवून अर्धा तास पाणी सोडलं आणि मापलं. पहिल्या वाटीत सहाशे चाळीस मिली, विसाव्या वाटीत एकशेऐंशी. एकतिसावीपासून पुढं वाट्या कोरड्या. वाट्या काढून पाणी सोडलं, तर पहिल्या कुंडीतून वाहून गच्ची भिजली आणि टोकाच्या लिंबाला थेंब मिळाला नाही. शेतात मागं पंपाचा जोर असतो, स्टुलावरच्या पिपाला कसला जोर, हे माझ्या ध्यानात आलं नाही. ठिबक गच्चीवर चालत नाही, असं मी वहीत लिहिलं.

मग खडू घेऊन अठ्ठावीस कुंड्यांवर फुल्या मारल्या. भावाला म्हटलं, रविवारी दहाला टेम्पो घेऊन ये, तुझ्या बांधावर लाव. खाली आलो तर बायको स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "हा खडू धुतल्यावर जातोय का?"

"जातोय की. कामून?"

"काय न्हाई. इचारलं."

त्या रविवारी नेमकी पाण्याची पाळी होती. आठच्या सुमाराला अप्पा दारात आले. "अण्णा, आलं का?" मी आलंय म्हणालो असेन, पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि दाराशी उतरवून ठेवलेल्या पाच-सहा कुंड्यांकडं पाहिलं.

"हे फुल्या कसल्या?"

मी सगळं सांगितलं. दीड लिटर, आठ दिवस, एकशेऐंशी, पंधरा. हिशोब बिनचूक होता, तरी सांगताना माझा आवाज खाली जात होता. सगळं ऐकून अप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अक्का, ह्यातलं कुठलं झाड तुमाला नको हाय?"

बायको म्हणाली, "नको असलेलं एकबी न्हाई, अप्पा."

अप्पा माझ्याकडं वळले. "अण्णा, पाणी कमी आलं म्हणून मी गल्लीतली घरं कमी करतो का?"

ते रागानं बोलले नव्हते. पण मला खाली बघावं लागलं.

"टेम्पोला सांगा, पुढच्या आयतवारी ये म्हणावं. चला वर."

गच्चीवर आल्यावर त्यांनी नळी पायानं चाचपली आणि हसले. "हे काय करायलाव अण्णा? एकाच रस्त्यावर त्रेचाळीस घरं. पैला पोटभर पितोय, शेवटचा जीभ काढून बसलाय." मग कामाला लागले. पीप स्टुलावरून उतरवून जिन्याजवळ सिमेंटच्या ब्लॉकांचा तीन फुटांचा कट्टा रचला आणि त्यावर चढवलं. अंगठ्याएवढी जाड नळी मी पेठेतून आणली. ती गच्चीभोवती गोल फिरवून तिची दोन्ही तोंडं त्यांनी पिपालाच जोडली, म्हणजे पाणी दोन्हीकडून येणार. माझी बारीक नळी कापून जाड नळीपासून प्रत्येक कुंडीला हातभर तुकडा दिला. नळीची टोकं जोडात बसेनात, तेव्हा जिन्यातून खाली हाक मारली, "अक्का, कडक पाणी द्या जरा."

बायकोनं चहाच्या पातेल्यातच पाणी उकळून दिलं. "आधी कुणाला पाजवायचं अप्पा, पायपाला का तुमाला?"

"पायपाला. मी काय, दिवसभर पितोच."

सगळं जोडून झालं, पाणी सोडलं, तरी निम्मे ड्रिपर मुके. मी मनात म्हटलं, झालं. अप्पांनी पिपापासून सगळ्यात लांबच्या जोडाचं झाकण काढलं. आधी नुसती हवा फुसफुसली, मग हवा आणि पाणी एकमेकांना ढकलत थुंकत बाहेर आलं, मग सरळ धार लागली. त्यांनी झाकण लावलं. "नळीत वारं बसलेलं असतंय. ते टोकाकडनं काढायचं. वारं निघाल्याबिगर पाणी पुढं सरकत न्हाई." पिपाच्या तोंडाला जुन्या बनियनचा तुकडा बांधून टाकला, कचरा अडायला.

मी पुन्हा त्रेचाळीस वाट्या मांडल्या. अर्ध्या तासात पहिल्या वाटीत दोनशे नव्वद, सगळ्यात लांबच्या लिंबाच्या वाटीत दोनशे साठ. सरासरी दोनशे पंच्याहत्तर. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा सोडलं, तर दिवसाला चोवीस लिटरच्या आत. आठ दिवसांचे एकशे एकोणनव्वद. बादलीनं ओतलेल्या दीड लिटरातलं निम्म्याहून जास्त कुंडीच्या बुडातून वाहून जायचं, थेंबाथेंबानं पडलेलं मुळाशीच मुरत होतं. पंधरा कुंड्यांसाठी मी जेवढं ठरवलं होतं, जवळपास तेवढ्यातच त्रेचाळीस! मी हे मोठ्यानं म्हणालो असेन, कारण खालून बायकोचा आवाज आला, "काय झालं?"

अप्पांनी माझ्या वाट्यांकडं पाहिलंही नव्हतं. ते मातीत बोट खुपसून बघत होते. "वरनं ऊन लागतंय. तुमच्या मिलात तुरीचं भुसकट पडलेलं असतंय न्हवं? वीतभर पसरा."

ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन ते गेले. टेम्पो पुढच्या रविवारीही आला नाही. मीच नको म्हणून कळवलं.

जोडणी झाली त्याच संध्याकाळी ओला फडका घेऊन मी फुल्या पुसल्या. सत्तावीसच सापडल्या. मोगऱ्यावरची आधीच कुणीतरी पुसलेली होती. घरात खडू धुतल्यावर जातो का हे विचारणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाला जिना चढायची मनाई होती.

पहिल्या महिन्यात दोन कोरफडींतली एक कुजली. सगळ्यांना सारखं पाणी मिळतंय याचा मी तक्ता करून भिंतीवर लावला होता. अप्पांना दाखवला.

"सारखं कामून देता?"

"अप्पा, तुमीच तर सगळ्याला पोचवा म्हणालात."

"पोचवा म्हणालो. लग्नाच्या घराला मी पाव तास जास्ती सोडतोय, ते तुमाला दिसत न्हाई? आन् कुलूप लावलेल्या घराला कशाला सोडू?" त्यांनी उरलेल्या कोरफडीची नळी दुमडून तारेनं आवळली, जास्वंदीला एक ड्रिपर वाढवला. मी तक्ता उतरवला. नवीन तक्त्यात 'लग्नघर' आणि 'कुलूप' असे दोन रकाने आहेत. पाहुण्यांना त्याचा अर्थ कळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर एकावन्न कुंड्या होत्या. ड्रिपरखालच्या ओलीत तुळशीची रोपं आपोआप उगवत होती आणि बायको ती डब्यांतून लावत होती. पाणी चालू-बंद करायची तोटी मी पाइप वाढवून जिन्याच्या खालच्या पायरीजवळ आणली होती. सकाळी ती बसल्या जागी तोटी फिरवायची आणि वर न जाताच सांगायची, "जास्वंदीला आज कळी असणार." मी वर जाऊन बघायचो. बहुतेक वेळा असायची.

त्याच वर्षी अप्पांनी काम सोडलं. वय झालं होतं. त्यांची बायको आधीच गेलेली, आणि मुलगी कडगंचीला दिलेली होती. तिनं बोलावलं. निघायच्या दिवशी माझी बायको स्टँडवर आली. रिक्षातून उतरायला तिला वेळ लागला. तिच्या हातात तुळशीचं रोप होतं, रंगाच्या छोट्या डब्यात.

"अक्का, हे कुटं ठेवू मी? पोरीचं घर दोन खोल्यांचं हाय."

"दारात ठेवा. तुळशीला जागा किती लागतीय?"

मी आभार मानायचे ठरवून आलो होतो. रात्री वाक्यही जुळवलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून निघालं ते असं, "अप्पा, अकरा वर्षांत आमच्या घराची पाळी तीनदाच चुकली."

"दोनदा," अप्पा म्हणाले. "तिसऱ्यांदा मेन पायप फुटला होता. ते माझ्यात धरू नका."

नंतर घरी येऊन मी वही पाहिली. त्यांचं बरोबर होतं.

गुलबर्ग्याची बस लागली. कर्नाटकात बायकांना तिकीट माफ झाल्यापासून बस भरूनच निघते. अप्पा डबा छातीशी धरून आत शिरले. कंडक्टरनं कन्नडमध्ये विचारलं, या सामानाचं तिकीट काढायचं का? अप्पा मराठीत म्हणाले, आम्हाला ऐकू जावं म्हणूनच बहुतेक, "तुळस हाय बाबा. बाईमाणसाला कुटं तिकीट लागतंय?"

पुढच्या बाकावरच्या बायका हसल्या, कंडक्टरही हसला. मागच्या बाजूला खिडकीपाशी एक म्हातारी पिशवी शेजारी ठेवून बसली होती. तिनं अप्पांकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडं सरकली. अप्पा बसले. तुळशीचा डबा त्यांनी दोघांच्या मधे ठेवला, आणि बस निघाली तेव्हा म्हातारीचा एक हात डब्याला होता, एक अप्पांचा.