कातऱ्याची खेळणी

शिवणवर्ग चालवणाऱ्या बाईकडं चिंध्या किती साठतात, विचारू नका. किस्से त्याहून जास्त साठतात. चिंध्या निदान बंबात तरी घालता येतात, किश्शांचं काय करायचं? सांगत सुटायचं, दुसरं काय!

मी मुळशी खोऱ्यात, माले गावी शिवण शिकवायला गेले ती पासष्टच्या आसपासची गोष्ट. पाटलांची ओसरी, पायानं चालवायचं एक मशीन, समोर गावातल्या लेकीसुना आणि मधोमध कातऱ्या.

कातऱ्या म्हणजे हौसाचं कुत्रं. हौसा वर्गातली सगळ्यात चलाख बाई. घरी ती आणि सासू दोघीच. डोंगरावरच्या वाडीतून तिनं पिल्लू आणलं, आणि सासू "हे बेणं घरात नगं" म्हणाली, म्हणून ती त्याला काखोटीला मारून वर्गाला यायला लागली. त्याला दात येत होते. पहिल्याच आठवड्यात त्यानं पाटलांच्या नव्या कोपरीची बाही कुरतडून टाकली. नाव तिथंच पडलं.

पाटील मोठ्यानं बोलणारे नव्हते. बाही हातात धरून म्हणाले, "बाई, पुन्यांदा काय फाडलं, तर कुत्रं आन् मशीन दोनी रस्त्यावर."

झालं. त्या दिवसापासून आमच्या वर्गात झंपर आणि परकरांच्या जोडीला तिसरी वस्तू शिवायला घेतली. कुत्र्याचं खेळणं!

*

पहिलं खेळणं हौसानंच केलं. लाल, हिरव्या आणि पिवळ्या चिंध्यांची घट्ट वेणी, दोन्ही टोकांना गाठी. एका टोकाला कातऱ्या, दुसऱ्या टोकाला आळीपाळीनं आम्ही. काय ओढायचा तो! बायका काज-बटण विसरून "मला दे, आता मला दे" करायला लागल्या. मीही पदर खोचून दोनदा ओढून घेतलं.

पण कातऱ्याच्या डोक्यात एक पक्कं बसलं, की वेणी म्हणजे ओढायची वस्तू. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून तुरपाई करणाऱ्या सुमनच्या पाठीवर त्याला एक लांबलचक वेणी दिसली.

सुमनची किंकाळी पार चावडीपर्यंत गेली. तेव्हापासून सगळ्याजणी, मीसुद्धा, अंबाडा घालून बसायला लागलो. पुढच्या आठवड्यात बघते तर वर्गाला न येणाऱ्या पोरीही अंबाड्यात. एकीला विचारलं तर म्हणाली, "शिवनाच्या बाईंनी पुन्याची फ्याशन आनलीया न्हवं!"

*

मग मी म्हटलं, रिकामी लाकडी रिळं फुकट जातात, ती वापरू. जाड नाडीत रिळं ओवली, मधे मधे गाठी मारल्या आणि त्याच्यापुढं टाकली. कातऱ्या खूश. माळ तोंडात धरून तो शहाबादी फरशीवरून पळत सुटला. खडखड, खडखड, खडखड.

पाटलांची दुपारची झोप झाली होती अर्धवट. दार उघडलं. आम्ही सगळ्या माना खाली घालून बसलो. हौसानं तर मशीनचं झाकण हातात घेतलं, म्हणजे निघायचीच तयारी.

"आवाज कशाचा हाय?" पाटलांनी विचारलं.

कातऱ्यानं माळ त्यांच्या पायाशी टाकली आणि शेपूट हलवत उभा राहिला. पाटलांनी ती उचलली, उलटीपालटी केली, अंगणात फेकली. कातऱ्या घेऊन आला. पुन्हा फेकली. असं बराच वेळ चाललं. आमच्या सुया हवेत तशाच.

शेवटी माळ माझ्या हातात देत ते म्हणाले, "आनखी दोन रिळं घाला. खडखडाट कमी पडतोय."

*

आता हौसाची सासू. कातऱ्याला बघितलं की म्हातारी काठी आपटायची. "कुत्र्याला खेळनी? आमच्या पोरास्नी कदी मिळाली न्हाईत," हे तिचं रोजचं.

एक दिवस कातऱ्या वर्गात आला तो तोंडात नवंच काहीतरी घेऊन. गोणपाटाचा चेंडू. आत भाताचा पेंढा गच्च भरलेला, आणि पेंढ्याच्या मधे वाळलेल्या भाकरीचा तुकडा. तो मिळवण्यासाठी कातऱ्या सकाळपासून गुंतून पडला होता. टाके बघून मी थक्क झाले. एकसारखे, बारीक, गोधडीचे टाके. माझ्या वर्गातली एकही बाई तसे घालत नव्हती.

मी मुद्दाम हौसाच्या घरी गेले. म्हटलं, "आजी, चेंडू फार सुरेख शिवलात."

"म्या कुटं शिवला?" म्हातारी भिंतीकडं बघत म्हणाली. "पेंढा पडला व्हता हितं. त्योच गोळा झाला आसंल."

*

आणि आता हा शेवटचा किस्सा.

हौसाचा नवरा मुंबईला हापिसातल्या लोकांचे जेवणाचे डबे पोचवायचा. दरवर्षी जत्रेला यायचा, तो दोन वर्षं आला नव्हता. लोक नाही नाही ते बोलत. त्या उन्हाळ्यात हौसानं ट्रंकेतली त्याची जुनी पांढरी टोपी काढली, आत कापसाच्या गुठळ्या भरल्या, तोंड शिवलं आणि कातऱ्याला दिली. बाकी सगळी खेळणी कातऱ्यानं फाडली, या टोपीला मात्र दात लावला नाही. नुसती उशाला घेऊन झोपायचा.

कातऱ्या एव्हाना दांडगा झाला होता. एस.टी.तून अनोळखी माणूस उतरला की त्याला फाट्यापासून भुंकत भुंकत आणायचा. माझ्या भावालासुद्धा त्यानं सोडलं नव्हतं.

एके दुपारी एस.टी. थांबली. एक वाळलेला माणूस, हातात पत्र्याची पेटी, पाटलांच्या ओसरीकडं आला. वर्ग भरलेला. कातऱ्या उठला. आम्ही कान झाकले.

तो भुंकला नाही. माणसाची पावलं हुंगली, आत पळाला आणि टोपी आणून त्याच्या पायाशी ठेवली. हा माणूस त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

माणूस खाली वाकला. टोपी हातात घेऊन त्यानं तिचं शिवलेलं तोंड चाचपलं. मग हौसाकडं न बघताच म्हणाला, "ही माजी टोपी हाय."

हौसाचा पाय मशीनवर चालूच होता.

"व्हय," ती म्हणाली. "ती घरीच व्हती."

माणूस खालच्या पायरीवर बसला. कातऱ्यानं त्याच्या गुडघ्याला नाक लावलं. त्यानं टोपी अंगणात फेकली. कातऱ्यानं आणून दिली. त्यानं पुन्हा फेकली.

मशीनचा आवाज कधी थांबला, आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही.